गांधीलमाशीच्या डंखाची रिॲक्शन पुढच्या वेळी जीवघेणी ठरेल का? दमा, बीपीची गोळी आणि राहून गेलेली एक तपासणी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय ४४. दमा लहानपणापासून, पंप 'लागेल तेव्हा'. वर्षभरापासून रक्तदाबाची गोळी चालू, पण तिचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही. दोन महिन्यांपूर्वी गांधीलमाशी चावली, दहा मिनिटांत अंगभर पित्त उठलं, एक उलटी झाली, डोळ्यांपुढे अंधारी आली. दवाखान्यात पित्ताचं आणि स्टेरॉइडचं अशी दोन इंजेक्शनं मिळाली, तासाभरात उतार पडला. नंतरच्या रक्ततपासणीत गांधीलमाशीच्या विषाविरुद्धचं आयजीई, म्हणजे ॲलर्जीचं प्रतिपिंड, 'किंचित वाढलेलं' आलं. आता तुम्ही विचारता की आकडा लहान आहे म्हणजे धोकाही लहान समजायचा का, दम्यामुळे किंवा गोळीमुळे पुढची रिॲक्शन जास्त गंभीर होईल का, आणि गोळी बंद केलेली बरी का.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात घाई झाली तर नुकसान होईल. गोळी स्वतःहून बंद करू नका. का ते पुढे येईलच.

दुसरी गोष्टही लगेच सांगायला हवी. त्या दिवशी तुम्हाला जे झालं ते नुसतं अंगावर पित्त उठणं नव्हतं. त्वचेवर गांधी, पोटातून उलटी आणि रक्तदाब उतरल्याची खूण म्हणून अंधारी, हे सगळं डंखानंतर काही मिनिटांत झालं. याला ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतू शकणारी अंगभर ॲलर्जी, म्हणतात. तुमच्या केसपेपरवर 'ॲलर्जिक रिॲक्शन' एवढंच असेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांकडून योग्य निदान लिहून घ्या. पुढे कधी भूल द्यायची असो, नवं औषध सुरू करायचं असो, समोरचा डॉक्टर तो एक शब्द वाचून वेगळा विचार करतो.

मी बरीच वर्षं ॲलर्जीचेच रुग्ण बघतो आहे. जवळजवळ प्रत्येक जण 'मला ॲलर्जी किती आहे?' असं विचारतो आणि रिपोर्टमधल्या आकड्यावर बोट ठेवतो. माझ्या मते विचारायला हवं ते वेगळंच. ज्या दिवशी रिॲक्शन येईल त्या दिवशी तुमची फुप्फुसं, हृदय आणि रक्तवाहिन्या तिला किती तोंड देऊ शकतील, आणि ॲड्रेनालिन, म्हणजे ॲनाफिलॅक्सिसवरचं जीव वाचवणारं इंजेक्शन, किती मिनिटांत मिळेल? जीव वाचतो की जातो हे बहुतेक वेळा या दोन गोष्टींवर ठरतं.

आधी त्या आकड्याबद्दल. रक्तातलं आयजीई किंवा त्वचेवरच्या चाचणीत उठलेली गांधी एवढंच सांगते की शरीराने त्या घटकाविरुद्ध तयारी करून ठेवली आहे. आकडा मोठा असला तर रिॲक्शन येण्याची शक्यता वाढते, पण आलेली रिॲक्शन किती तीव्र असेल हे त्यावरून कळत नाही. डंखाच्या ॲलर्जीत तर हा आकडा फारच फसवा. एका डंखाने बेशुद्ध पडलेल्या काही जणांचं आयजीई जेमतेम मोजता येईल इतकंच असतं. तेव्हा 'किंचित वाढलेलं' हे वाचून तुम्हाला जो दिलासा मिळाला, तो मला तुमच्याकडून काढून घ्यावा लागतो आहे. मागची रिॲक्शन हीसुद्धा अर्धवटच साक्ष देते. डंखाची गंभीर रिॲक्शन एकदा आलेल्या प्रौढांपैकी साधारण निम्म्यांनाच पुढच्या डंखाला पुन्हा अंगभर रिॲक्शन येते. आपण कुठल्या निम्म्यात आहोत हे मात्र आधी कळायला मार्ग नाही.

रिॲक्शनमध्ये नेमकं होतं काय? ॲलर्जीची रसायनं साठवून ठेवणाऱ्या मास्ट पेशी त्वचेत, श्वासनलिकांच्या अस्तरात, आतड्यात, रक्तवाहिन्यांभोवती आणि हृदयातही असतात. विष पोचलं की त्या हिस्टामिन, ट्रिप्टेज आणि इतर रसायनं एकदम बाहेर टाकतात. रक्तवाहिन्या सैलावतात, त्यांच्या भिंतींतून द्रव पाझरायला लागतो. तीव्र रिॲक्शनमध्ये दहा मिनिटांच्या आत रक्तवाहिन्यांतला ३५ टक्क्यांपर्यंत द्रव बाहेर झिरपू शकतो. म्हणजे रक्ताचा एक थेंबही न सांडता हृदयाला भरायला रक्त उरत नाही. त्याच वेळी श्वासनलिका आवळतात आणि घसा सुजतो. ज्याच्या फुप्फुसांत किंवा हृदयात आधीच फारसं राखीव बळ नाही, तो इथे लवकर हरतो.

तुमच्या दम्याकडे वळतो. अन्नाच्या ॲलर्जीने दगावलेल्यांच्या नोंदींत दमा फार वेळा आढळतो. पण दमा इतक्या लोकांना असतो आणि असे मृत्यू इतके विरळ असतात, की 'दमा आहे म्हणून धोका' एवढं म्हणून भागत नाही. आटोक्यात नसलेला दमा हा खरा धोका. डंखाच्या बाबतीत चित्र थोडं वेगळं आहे. तिथे मृत्यू बहुधा रक्तदाब कोसळून होतो, श्वास बंद पडून तुलनेने कमी. म्हणून तुमच्या यादीत दम्याला मी पहिलं स्थान देणार नाही, पण खोडूनही टाकणार नाही. रक्तदाब पडलेला असताना श्वासनलिकाही आवळल्या तर शरीरावर दोन्ही बाजूंनी मार बसतो.

दमा आटोक्यात आहे का, असं विचारलं की जवळजवळ सगळेच 'हो' म्हणतात. त्यामुळे मी पंप टेबलावर ठेवायला सांगतो. तात्पुरत्या आरामाच्या पंपावर डोस मोजणारी लहानशी खिडकी असते. २०० डोसांचा पंप सहा आठवड्यांत शून्यावर आलेला असतो, आणि रोज घ्यायचा स्टेरॉइडचा पंप मात्र जवळपास भरलेला. एवढं बघितलं की पुढचं फार विचारावं लागत नाही. आठवड्यातून दोनदांपेक्षा जास्त वेळा आरामाचा पंप लागत असेल, रात्री धाप लागून किंवा खोकल्याने जाग येत असेल, जिना चढताना थांबावं लागत असेल, तर दमा आटोक्यात नाही असं धरा. २०१९ पासून दम्याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं प्रौढांनी फक्त आरामाच्या पंपावर राहू नये असं स्पष्ट सांगतात. तुमचं 'लागेल तेव्हा' मला त्यामुळे खटकलं. ही गोष्ट पुढच्या आठवड्यात सुधारता येण्यासारखी आहे, आणि तिचा फायदा रोजच्या रोज होतो, गांधीलमाशी परत चावो अथवा न चावो.

आता रक्तदाबाची गोळी. इथे सगळं नावावर अवलंबून आहे. पाकिटावरचं औषधाचं मूळ नाव वाचा. शेवट 'ओलॉल' असा असेल, जसं अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल, तर ती बीटा ब्लॉकर आहे. ॲड्रेनालिन हृदयावर आणि श्वासनलिकांवर ज्या दारांतून काम करतं, नेमकी ती दारं ही औषधं अडवतात. चिंता आहे ती उपचाराला प्रतिसाद कमी मिळण्याची. अशा रुग्णाचा रक्तदाब ॲड्रेनालिनचे डोस देऊनही वर येत नसेल तर रुग्णालयात शिरेतून ग्लुकॅगॉन देतात, कारण ते हृदयावर दुसऱ्या वाटेने काम करतं. हे तिथल्या डॉक्टरांना सुचायला हवं असेल तर त्यांना तुमची गोळी कोणती ते माहीत असायला हवं. पाकिटाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि घरच्यांनाही पाठवा. काचबिंदूच्या डोळ्यांत टाकायच्या टिमोलॉलच्या थेंबांतही हाच प्रकार असतो, आणि थेंब म्हणजे औषध असं कुणाच्या मनात येत नाही.

शेवट 'प्रिल' असा असेल, उदाहरणार्थ एनालाप्रिल किंवा रॅमिप्रिल, तर मुद्दा वेगळा. रक्तवाहिन्या सैलावणारं ब्रॅडिकायनिन नावाचं रसायन शरीर ज्या वाटेने मोडून टाकतं, ती वाट ही गोळी अडवते. रक्तदाब पडत असताना हे रसायन साचलं तर पडझड वाढू शकते.

'शकते' असं मी मुद्दाम म्हणतो आहे. या दोन्ही गटांतल्या गोळ्यांमुळे रिॲक्शन नक्की किती बिघडते, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. ज्यांना या गोळ्या लागतात ते मुळात वयाने मोठे असतात आणि त्यांचं हृदय आधीच थकलेलं असतं. मग दोष गोळीचा की हृदयाचा, हे वेगळं काढणं कठीण होतं. उलट बीटा ब्लॉकर एकाएकी थांबवला तर नाडी उसळते, छातीत दुखू लागतं, हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. हा धोका मात्र वादातीत आहे. तुमची गोळी फक्त रक्तदाबासाठी असेल, हृदयाचं दुसरं कारण नसेल, तर पर्याय पुष्कळ आहेत. दम्याच्या रुग्णाला रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकर सहसा देतही नाहीत, त्यामुळे तीच निघाली तर ती बदलायला दोन कारणं झाली. पण तो बदल गोळी लिहून देणाऱ्या डॉक्टरांनीच करायचा.

तुमच्या पत्रात ज्याचा उल्लेखच नाही त्याकडे मी सगळ्यात जास्त लक्ष देईन. तुमचं ट्रिप्टेज कुणी मोजलं आहे का?

ट्रिप्टेज हे मास्ट पेशींमधून येणारं द्रव्य. रिॲक्शनच्या वेळी ते वाढतं आणि दिवसभरात खाली येतं. पण काही लोकांचं ट्रिप्टेज ठणठणीत असतानाही जास्तच असतं, कारण त्यांच्या शरीरात मास्ट पेशी प्रमाणाबाहेर वाढलेल्या असतात. या आजाराचं नाव मॅस्टोसायटोसिस. आजार विरळ, पण डंखाची गंभीर रिॲक्शन आलेल्या प्रौढांमध्ये तो शोधला तर सापडतो. कित्येकदा त्याची पहिली आणि एकमेव खूण म्हणजे एका डंखाने आलेली बेशुद्धी. अशा लोकांचं आयजीई बऱ्याचदा कमीच असतं. म्हणूनच तुमचा तो लहान आकडा वाचून मी निश्चिंत झालो नाही.

मी तपासताना अशा रुग्णाच्या मांड्या आणि पोट चांगल्या उजेडात बघतो. कधीकधी तिथे काही मिलिमीटरचे तांबूस-तपकिरी ठिपके असतात, तीळ किंवा जुने डाग समजून वर्षानुवर्षं दुर्लक्षिलेले. त्यातला एक ठिपका पेनच्या मागच्या टोकाने जरा घासला की दोन-चार मिनिटांत तेवढाच भाग फुगतो, लाल होतो, खाजायला लागतो, आणि बाजूची त्वचा जशीच्या तशी राहते. हे दिसलं की निदान जवळपास हातात आलेलं असतं. डाग नसले तरी आजार नाही असं म्हणता येत नाही. डंखानंतर पाच मिनिटांच्या आत कोसळणं, अंगावर एकही गांधी न उठता रक्तदाब पडणं, पुरुष असून कमी वयात हाडं ठिसूळ झालेली असणं, यांतलं काहीही असलं तर माझा संशय वाढतो. तुमच्या अंगभर पित्त उठलं होतं, ही गोष्ट मॅस्टोसायटोसिसच्या थोडी विरुद्ध जाते. तरी तपासणी एका रक्तनमुन्याची आहे आणि न करण्याचं कारण मला दिसत नाही.

एरवीचं ट्रिप्टेज ११.४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर प्रयोगशाळा ते सामान्य म्हणते. २० च्या वर असेल तर मॅस्टोसायटोसिसचा शोध नेटाने घ्यायला हवा, त्यात मास्ट पेशींच्या वाढीशी संबंधित किट या जनुकाची रक्तातली चाचणी येते आणि गरज पडली तर अस्थिमज्जेची. ८ च्या पुढचा आकडा काही घराण्यांत जन्मतःच असतो, ट्रिप्टेजच्या जनुकाच्या जादा प्रतींमुळे, आणि अशांनाही गंभीर रिॲक्शनचा धोका काहीसा जास्त दिसतो. मूत्रपिंडं निकामी असतील तर आकडा त्यानेही वाढतो, तेव्हा एकट्या आकड्यावर निकाल लावू नका. रिॲक्शन होऊन दोन महिने झाले असल्याने आत्ता घेतलेला नमुना तुमची नेहमीची पातळी दाखवेल. पुढे कधी रिॲक्शन आलीच तर एक-दोन तासांनी एक नमुना घ्यायला सांगा. तो नेहमीच्या आकड्याच्या १.२ पट अधिक २ यापेक्षा जास्त आला तर मास्ट पेशी खरोखर फुटल्या होत्या याचा पुरावा मिळतो.

हृदयविकार तुम्ही लिहिलेला नाही, म्हणून थोडक्यात सांगतो. हृदयाच्या धमन्या आधीच अरुंद असतील तर रिॲक्शनमध्ये त्या आवळून झटका येऊ शकतो. कूनिस आणि झावरास यांनी १९९१ मध्ये त्याचं वर्णन केलं, आणि तो प्रकार कूनिस सिंड्रोम म्हणून ओळखला जातो. या भीतीने काही जण हृदयरुग्णाला ॲड्रेनालिन द्यायला कचरतात, पण ॲनाफिलॅक्सिसमध्ये त्याला पूर्ण मनाई करावी अशी एकही स्थिती नाही. वयाचंही तसंच आहे. अन्नाने होणारे मृत्यू किशोर आणि तरुणांत जास्त दिसतात, डंख आणि औषधांनी होणारे मोठ्या वयात. तुम्ही मधल्या वयात आहात, त्यावरून काही ठरत नाही.

आणखी एक गट आहे, त्या दिवसापुरत्या कारणांचा. ताप किंवा संसर्ग, मद्य, आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिनसारखी वेदनाशामकं, जोराचा व्यायाम, अपुरी झोप, काही स्त्रियांत मासिक पाळी. यांचा पुरावा मुख्यतः अन्नाच्या ॲलर्जीतून आलेला आहे. एक तरुण माझ्याकडे यायचा. रोज गहू खाऊन त्याला काहीच होत नसे, पण जेवणानंतर तास-दोन तासांत धावायला गेला की अंग सुजायचं, आणि एकदा तो मैदानातच कोसळला. त्या दिवशी गुडघ्यासाठी वेदनाशामक गोळी घेतली होती. गव्हातल्या ओमेगा-५ ग्लायडिन या प्रथिनाची तपासणी केल्यावर कोडं सुटलं. गहू, धावणं आणि गोळी यांतलं एकेकटं त्याला सोसायचं, तिन्ही एकत्र आली की नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या प्रौढांना व्यायामानंतर किंवा झोप मोडल्यावर सुमारे ४५ टक्के कमी मात्रेतच रिॲक्शन आली. डंखात विषाची मात्रा आपल्या हातात नसते, म्हणून तुमच्यासाठी याचं महत्त्व कमी. तरी अंगात ताप असताना किंवा रात्रभर जागरण झालेलं असताना पोळ्याच्या आसपासचं काम अंगावर घेऊ नका.

इथपर्यंतचा हिशेब मांडायचा तर, आयजीईचा लहान आकडा बाजूला ठेवा, दम्याची नीट व्यवस्था लावा, गोळीचं नाव शोधून डॉक्टरांशी बोला आणि ट्रिप्टेज मोजून घ्या. मी तुम्हाला तपासलेलं नाही, तुमचं काम उघड्यावर चालतं की घरात, रुग्णालय किती लांब आहे, हेही मला माहीत नाही. रुग्णालय पाऊण तासावर असेल तर वरच्या सगळ्याइतकीच ती पाऊण तासाची वाट महत्त्वाची आहे.

कारण वेळ फार थोडा असतो. ब्रिटनमधल्या मृत्यूंच्या नोंदींचा २००० मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो की श्वास किंवा हृदय बंद पडेपर्यंतचा मध्यम काळ अन्नाच्या रिॲक्शनमध्ये ३० मिनिटं होता, डंखात १५ आणि शिरेतून दिलेल्या औषधांत ५. तुम्हाला मिळालेली पित्ताची आणि स्टेरॉइडची इंजेक्शनं या वेळात जीव वाचवू शकत नाहीत. पहिलं खाज कमी करतं, दुसऱ्याचा परिणाम सुरू व्हायलाच तास लागतात. त्या दिवशी तुम्ही सावरलात यात तुमच्या शरीराने स्वतः सोडलेल्या ॲड्रेनालिनचा वाटा मोठा असावा. पुढच्या वेळी त्यावर विसंबू नका. ॲड्रेनालिन जवळ बाळगा, तयार पेनच्या रूपात मिळत असेल तर पेन, नाहीतर डॉक्टरांनी शिकवून दिलेली ॲम्प्यूल आणि सिरिंज. प्रौढांसाठी मांडीच्या बाहेरच्या बाजूला मधोमध, स्नायूत, ०.५ मिलिग्रॅम. पेनमध्ये बहुधा ०.३ असतं, तेही चालतं. पाच मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरा डोस, म्हणून दोन जवळ हवेत. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असला तरी आधी ॲड्रेनालिन, मग पंप.

इंजेक्शन झालं की आडवे व्हा आणि पाय वर ठेवा. धाप लागत असेल तर पाय पसरून बसा. बरं वाटलं म्हणून उठून गाडीपर्यंत चालत जाऊ नका. एकदम उभं राहिल्यावर उरलंसुरलं रक्त पायांत उतरतं, हृदय रिकामं पडतं, आणि काही सेकंदांत मृत्यू आल्याच्या नोंदी आहेत. हे घरातल्या आणि कामावरच्या लोकांना आधीच सांगून ठेवा, कारण माणूस सावध दिसला की मदतीला आलेले त्याला हटकून उठवून बसवतात. पुढचे काही तास रुग्णालयात काढा. काही जणांना पुन्हा त्रास होतो, बहुधा त्याच दिवशी, क्वचित ७२ तासांपर्यंत.

डंखाच्या ॲलर्जीवर अन्नाच्या ॲलर्जीपेक्षा कितीतरी चांगला उपाय आहे, आणि तुमच्या प्रश्नात तो कुठेच नाही याचं मला वाईट वाटलं. विषाची इम्युनोथेरपी म्हणजे त्याच विषाचे अगदी लहान, वाढत जाणारे डोस त्वचेखाली देणं. गांधीलमाशीच्या विषात ती घेणाऱ्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक लोक पुढच्या डंखाला अंगभर रिॲक्शनशिवाय पार पडतात, मधमाशीच्या विषात सुमारे ८० टक्के. ती तीन ते पाच वर्षं चालते. मॅस्टोसायटोसिस निघाला तर सहसा आयुष्यभर चालू ठेवतात, म्हणूनही ट्रिप्टेज आधी हवं. आटोक्यात नसलेल्या दम्यात ती सुरू करत नाहीत, तेव्हा पंपाचं काम पहिलं. ती सगळीकडे मिळत नाही. जिथे मिळते तिथल्या ॲलर्जीतज्ज्ञाकडे जा आणि चावलेला कीटक मधमाशी होती की गांधीलमाशी हे जमेल तितकं नीट सांगा. चावल्यावर काटा त्वचेत रुतून राहिला होता का ते आठवा. राहिला असेल तर ती बहुधा मधमाशी होती, आणि मग विषही वेगळं निवडावं लागेल.